जुन्या मिनी लॅपटॉपवर वेचाईची वही: कामाच्या नोंदी

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

दसरा झाला तरी घर आवरणं संपलं नाही. कोठीतल्या वरच्या फळीवरून तुरीच्या बियाण्याच्या पिशव्या खाली घेताना मागे ताईचा मिनी लॅपटॉप सापडला. एसर अ‍ॅस्पायर वन, झेडजी५ नमुना, निळं झाकण, ८.९ इंची पडदा. ताई इंजिनिअरिंगला होती तेव्हा, २००९ मध्ये घेतलेला. त्या काळी याला नेटबुक म्हणत. ताईचं लग्न झालं, ती पुण्याला गेली, हा फळीवर गेला. झाकणावर तिच्या कॉलेजच्या संमेलनाचं स्टिकर आहे, अर्धं उंदरानं खाल्लेलं.

चार्जर वायरीच्या गुंडाळीसकट सोबतच होता. लावला. दिवा लागला, पंखा ओरडला, आणि चार मिनिटांनी विंडोज एक्सपीचं ते हिरवं माळरान दिसलं. बॅटरी पूर्ण मेलेली. घड्याळात १ जानेवारी २००८.

भंगारवाला याचे दीडशे देईल. पण डोक्यात एक काम आहे, म्हणून या नोंदी.

आई दरवर्षी कापूस वेचाईचा हिशोब शंभर पानी वहीत ठेवते. आमची चार एकर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, वेचायला सात बाया. संध्याकाळी सपरीत (ओसरीत) ताणकाटा टांगतात, एकेकीचं गाठोडं मोजतात, आई कंदिलासारखा मोबाईलचा टॉर्च धरून लिहिते. आमच्या गावचा बाजार शुक्रवारी, म्हणून मजुरीचा चुकारा शुक्रवारी सकाळी. गुरुवारी रात्री आई दोन-दोन तास बेरजा करत बसते. मागच्या साली एका पानावर हातचा राहिला आणि एका काकूला ऐंशी रुपये कमी गेले. काकू काही बोलल्या नाहीत, आईला मात्र ते अजून टोचतं.

मोबाईलवर का नाही? घरात चालणारा मोबाईल एकच, तो बाबांच्या खिशात वावरात असतो. आणि आईला त्या पडद्यावरचं अक्षर चष्म्यानंही दिसत नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

आत काय आहे ते पाहिलं. इंटेलचा अ‍ॅटम एन२७० प्रोसेसर, १.६ गिगाहर्ट्‌झ, गाभा एकच. १ जीबी मेमरी. १६० जीबीची फिरती हार्डडिस्क. पडदा १०२४ बाय ६०० ठिपक्यांचा. हा ६०० चा आकडा पुढे छळणार हे तेव्हाच कळायला हवं होतं.

एक्सपी ठेवण्यात अर्थ नाही. त्याची सुरक्षेची दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ लाच थांबली. नवं काहीतरी टाकायचं तर मोठी अडचण ही की एन२७० फक्त ३२ बिटचा, म्हणजे जुन्या घडणीचा आहे, आणि ३२ बिटच्या वस्तीतून लोक उठून चाललेत. क्रोमनं ३२ बिट लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली) २०१६ मध्येच सोडलं. या ९ ऑगस्टला डेबियन या लिनक्सची १३ वी आवृत्ती आली, त्यात ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. फायरफॉक्स १४५ पासून ३२ बिट लिनक्सवर मिळणार नाही. १४० ची लांब मुदतीची आवृत्ती तेवढी २०२६ च्या सप्टेंबरपर्यंत चालेल. म्हणजे घर पाडायला काढलंय आणि आपण त्यात भाड्यानं खोली बघतोय.

पण आमच्या कामाला ब्राउझर लागतच नाही. हे एकदा ठरवल्यावर निम्मी चिंता गेली.

एक गंमत. २०१८ च्या जानेवारीत मेल्टडाउन आणि स्पेक्टर या नावांनी सगळ्या जगाचे प्रोसेसर भोकाचे निघाले. हा पठ्ठ्या त्यातून सुटला. नवे प्रोसेसर पुढच्या आज्ञा अंदाजानं आधीच उरकून ठेवतात. हा रेशनच्या रांगेसारखा, पुढचा हलल्याशिवाय मागचा हलत नाही. ती चलाखीच अंगात नाही, म्हणून चलाखीतून निघालेलं भोकही नाही.

दोन उमेदवार काढले: हायकू आणि अँटिक्स. हायकू म्हणजे बीओएस या जुन्या संगणक प्रणालीचा नव्यानं लिहिलेला वारस, लिनक्सशी त्याचं नातं नाही. अँटिक्स हे डेबियनवर बेतलेलं हलकं लिनक्स, २३ वी आवृत्ती डेबियन १२ वरची, आणि ती ३२ बिटमध्येही मिळते.

९ ऑक्टोबर, गुरुवार

काल कामानं नागपूरला गेलो होतो. सिताबर्डीवरून १ जीबीची जुनी डीडीआर२ मेमरी दोनशेला आणि १२० जीबीची एसएसडी बाराशेला आणली. बाबा म्हणाले, "दीडशाच्या भंगाराले चौदाशेचा साज." उत्तर नव्हतं.

या नमुन्यात ५१२ एमबी मेमरी बोर्डावर पक्की झाळलेली असते आणि एकच खाच असते. त्या खाचेतली ५१२ ची काढून १ जीबीची लावली की दीड जीबी. याच्यापुढे जात नाही. खालच्या बाजूला मेमरीसाठी वेगळं झाकण नाही, खाच बोर्डाच्या उलट्या अंगाला आहे. म्हणजे खालचे स्क्रू, मग कळफलकाच्या वरच्या कडेच्या खिट्या दाबून तो उचलायचा, त्याची पट्टी सोडवायची, वरचं कव्हर, मग पूर्ण बोर्ड बाहेर काढून पालथा.

पाठकोऱ्या कागदावर लॅपटॉपचं चित्र काढलं आणि जिथला स्क्रू तिथंच टोचून ठेवला. हे शहाणपण मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात उमेदवारी केली तेव्हाचं. पंख्याच्या पात्यांत बोटभर फोलपटं निघाली, बहुतेक तुरीची. दात घासायच्या जुन्या ब्रशनं काढली. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडू झाली होती, ती पुसून नवी लावली.

परत जोडताना एक स्क्रू उरला. चित्रात त्याची जागा आहे, यंत्रात सापडत नाही. तो डबीत ठेवला.

चालू केलं. मेमरी दीड जीबी दाखवली. जुनी हार्डडिस्क प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात ठेवली, पुसली नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

हायकू. पेन ड्राइव्हवर आर१ बीटा ५ ची ३२ बिट प्रत लिहिली, ही २०२४ च्या सप्टेंबरमध्ये आलेली. लॅपटॉप काही केल्या पेन ड्राइव्हवरून उठेना. चालू करताना एफ१२ दाबून बूटची यादी येते असं माहीत होतं, पण याच्यात ती सोयच बंद ठेवलेली. एफ२ नं बायोसमध्ये (बोर्डातल्या मूळ सेटिंगमध्ये) शिरून ती आधी चालू करावी लागली. अर्धा तास गेला तो यात.

नंतर मात्र तोंडात बोट. सात चित्रं एकेक करून उजळली आणि डेस्कटॉप समोर. एवढ्या जुन्या यंत्रावर खिडक्या अशा सरसर उघडतात की दीड जीबीत हे बसतं यावर विश्वास बसत नाही. वायफायही पकडलं. २००१ पासून काही माणसं हौसेनं हे बांधताहेत. बीओएसवाली कंपनी विकली गेली तेव्हा तिच्या चाहत्यांनी सुरू केलेलं काम. ३२ बिट प्रतीत तर त्या जमान्यातले मूळ बीओएसचे प्रोग्रॅमही चालतात. मी दोन तास नुसता खेळत बसलो.

मग एक मराठी मजकूर त्यावर उघडून पाहिला. "हिशोब" लिहिलेलं होतं. अक्षरं सगळी दिसली, पण ह ची वेलांटी ह च्या मागे जाऊन बसली, श च्या डोक्यावर. जोडाक्षराच्या जागी पाय मोडलेलं अक्षर आणि शेजारी दुसरं सुटं. देवनागरीत जसं टाइप केलं तसं ओळीनं ठेवून भागत नाही. वेलांटी आधी काढायची, अर्धं अक्षर पुढच्याला जोडायचं, हे कुणीतरी करावं लागतं. ते इथं होत नाही. इंग्रजीत काम करणाऱ्यानं हायकू जरूर लावावं. आईला मी "हशिोब" दाखवू शकत नाही.

वाईट वाटलं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

अँटिक्स. पूर्ण प्रत. पेन ड्राइव्हवरून छान उठलं. इन्स्टॉल करायला घेतलं आणि दुसऱ्याच पायरीला अडलो: "पुढे" हे बटण पडद्याच्या खाली. खिडकी ६०० ठिपक्यांत मावत नाही. ऑल्ट दाबून धरून खिडकी कुठूनही पकडायची आणि वर ओढायची, ही युक्ती आठवली. या यंत्रात टचपॅडची बटणं खाली नसून डाव्या-उजव्या अंगाला आहेत, त्यामुळे ऑल्ट, बटण आणि ओढणं हे तीन हातांचं काम होतं. डावा अंगठा ऑल्टवर, डावी करंगळी डाव्या बटणावर, उजवा हात टचपॅडवर. तबला शिकलो असतो तर सोपं गेलं असतं.

फायली उतरायला लागल्या. ३८ टक्के. लाईन गेली.

मेलेली बॅटरी, तेव्हा लॅपटॉप त्याच क्षणी गचकला. सपरीत अंधार. आत आई म्हणाली, "गेली?" मी म्हटलं, "गेली." तिनं लाईनबद्दल विचारलं होतं, मी लॅपटॉपबद्दल सांगितलं.

मग तीच बोलली, आणि तिथं मी गप्प झालो. "गुरुवारच्या राती लाईन गेली तं सुक्रवारी बायांले काय सांगू? डब्बा बंद हाय म्हनून?"

१५ ऑक्टोबर, बुधवार

आईचा मुद्दा बरोबर आहे. लाईनचं काही केल्याशिवाय या यंत्राला घरात जागा नाही. याची नवी बॅटरी शोधली तर किंमत एसएसडीच्या वर.

घरात १२ व्होल्टची एक बॅटरी आहेच: फवारणीच्या पंपातली. १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तास, सीलबंद. लॅपटॉपला लागतात १९ व्होल्ट, चार्जरवर १.५८ अँपिअर लिहिलंय, म्हणजे जास्तीत जास्त ३० वॅट. मधे व्होल्टेज चढवणारी एक्सएल६००९ ची पट्टी बसवायची. ती मोबाईलच्या दुकानात पडून होती, मालकानं तशीच दिली.

क्रम महत्त्वाचा. आधी पट्टी बॅटरीला जोडली, लॅपटॉप लांब ठेवला. मल्टिमीटर लावून पट्टीवरचा पितळी स्क्रू बारीक पेचकसानं फिरवत गेलो. पहिले आठ-दहा वेढे काहीच हलत नाही, माणूस वैतागून जोरात फिरवतो, आणि मग आकडा एकदम चढतो. १९.० वर थांबलो, त्यावर नेलपॉलिशचा थेंब टाकून स्क्रू पक्का केला. बॅटरीच्या लाल वायरीत ३ अँपिअरचा फ्यूज. पिन ५.५ बाय १.७ मिलिमीटरची, आतला भाग अधिक. उलटं लागलं तर बोर्ड जळेल, म्हणून तीनदा तपासलं. मग श्वास रोखून लावलं. चालू झालं.

गणित: ९६ वॅट-तास कागदावर. अशी बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर मरते, म्हणून धरायचे ४८. पट्टीत थोडं जातं. लॅपटॉप पडदा मंद ठेवून बारा वॅटच्या आसपास ओढतो. साडेतीन तास यायला हवेत. मोजले तर तीन तास दहा मिनिटं. आईच्या दोन तासांना पुरतं.

बारा वॅटमधला प्रोसेसरचा वाटा फार तर अडीच आहे. त्याच्या शेजारची ९४५जीएसई चिप एकटी सहापर्यंत खाते. नाव प्रोसेसरचं, खाणं शेजाऱ्याचं.

बाबा संध्याकाळी पंप घ्यायला आले आणि रिकामा पंप पाहून उभे राहिले. "बॅटरी काढली तं उद्या फवारा काय तोंडानं मारू?" बोंडअळीसाठी शेवटची फवारणी राहिली होती. मग ठरलं: दिवसा बॅटरी पंपात, अंधार पडला की सपरीत. दोन्हीकडे एकसारखे क्लिप लावून दिले.

१८ ऑक्टोबर, शनिवार

धनत्रयोदशी. या मुहूर्तावर लोक सोनं घेतात, आमच्याकडे अँटिक्स पूर्ण झालं. पंपाच्या बॅटरीवर लावूनच इन्स्टॉल केलं, मधे दोनदा लाईन गेली, काही फरक पडला नाही.

डिस्कवर फायली मांडायला ईएक्सटी४ पद्धत. मेमरी दीडच जीबी म्हणून झेडरॅम चालू केलं. त्यात मेमरीतलाच एक कोपरा दाबून भरायला वापरतात, म्हणजे धान्याचं पोतं हलवून बसवलं की वर चार पायल्या मावतात तसं. आइसडब्ल्यूएम ही खिडक्यांची व्यवस्था. सगळं उठल्यावर मेमरी १६० एमबीच्या आत. एक्सपीला चार मिनिटं लागत होती, याला पन्नास सेकंद.

मग मोबाईलचं हॉटस्पॉट घेऊन पॅकेजांची यादी ताजी करायला गेलो तर ॲप्टनं (प्रोग्रॅम उतरवून बसवणाऱ्या साधनानं) साफ नकार दिला. म्हणतो, ही यादी अजून लागूच झालेली नाही, तिची तारीख पुढची आहे. बरोबरच आहे, याच्या लेखी आज १ जानेवारी २००८. बोर्डावरचं घड्याळाचं सेल संपलंय, चार्जर काढला की वेळ पुसली जाते. तारीख हातानं घातली, यादी आली.

ते सेल मला ९ तारखेला बोर्ड पालथा करताना दिसलं होतं. बोटानं पुसलंही होतं. तेव्हाच बदललं असतं तर. आता त्या सगळ्या खिट्या आणि स्क्रू परत काढायची हिंमत नाही. यावर दुसरा उपाय करीन.

१९ ऑक्टोबर, रविवार

आजचा दिवस मराठीचा.

लोहित देवनागरी फॉन्ट टाकला. टायपिंगसाठी आयबस वगैरे काही बसवलं नाही. ते सतत मागे चालू राहतं आणि मेमरी धरून बसतं. कळफलकाची मांडणीच बदलली की काम होतं, त्याला एक आज्ञा पुरते आणि मेमरी काहीच लागत नाही. दोन्ही शिफ्ट एकदम दाबले की मराठी, परत दाबले की इंग्रजी.

मांडणी इन्स्क्रिप्ट. "कापूस" लिहायला के, ई, एच, टी, एम. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. एमएस-सीआयटीच्या वर्गात हेच शिकलो होतो, तेव्हा शिव्या घातल्या होत्या.

कसोटीचा शब्द ठरवला: "वेचणाऱ्या". बी नं व, एस नं मात्रा, अर्धविरामाच्या कळीवर च, शिफ्ट-सी नं ण, ई नं काना. मग शिफ्ट-जे नं तो नुक्त्याचा ऱ, डी नं पाय मोडला, तिरक्या रेघेच्या कळीनं य, परत काना. आणि पडद्यावर ऱ्य चं ते अर्धं चंद्रासारखं शेपूट य ला येऊन चिकटलं. हे शेपूट हिंदीवाल्यांना लागत नाही, म्हणून सगळीकडे तेच आधी मोडतं. दऱ्या, वाऱ्या, शेतकऱ्यांचा: आमचं निम्मं आयुष्य या शेपटावर आहे.

"ॲटम" पण लिहून पाहिलं. अ वर चंद्र असलेलं हे अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८ साली, ५.१ आवृत्तीत. हा लॅपटॉपही २००८ चाच नमुना. म्हणजे याच्या सोबत जन्मलेलं अक्षर एक्सपीमध्ये चौकोन व्हायचं आणि आत्ता सतरा वर्षांनी नीट दिसतंय.

टर्मिनलमध्ये (आज्ञा लिहायच्या खिडकीत) मात्र तीच फजिती. तिथं प्रत्येक अक्षराला ठरलेला चौकोन, त्यामुळे शेपूट परत तुटतं. म्हणजे आईला टर्मिनल दाखवायचं नाही. अँटिक्समध्ये यॅड म्हणून छोट्या खिडक्या बनवायचं साधन आधीच असतं, त्यात मराठी सरळ दिसते. त्यातच करू.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. ताई आली. लॅपटॉप पाहून आधी हसली, मग एकदम विचारलं, "माझे फोटो रे?" पिशवीतली जुनी डिस्क यूएसबीच्या वायरीनं जोडली, होस्टेलचे सहाशे फोटो तिच्या पेन ड्राइव्हवर काढून दिले. मी पुसलं नाही हे माझं नशीब. स्टिकर काढू का म्हटलं तर नको म्हणाली.

२६ ऑक्टोबर, रविवार

सीतादही (वेचणीआधीची वावरातली पूजा) झाली, वेचणी लागली. आता घाई.

तक्त्याचा प्रोग्रॅम म्हणून ग्नुमेरिक टाकून पाहिला, चांगला हलका आहे, पण आईला ते खण बघून घेरी येते. "हे काय, मदमाश्याईचं पोळं?" काढून टाकला.

मग साधी मजकुराची फाईल. एका ओळीत तारीख, नाव, किलो. रोज संध्याकाळी यॅडची एक खिडकी उघडते, त्यात सात नावं मोठ्या अक्षरात आणि प्रत्येकीसमोर एक रिकामी पट्टी. आई वजन टाकते, एंटर, झालं. गुरुवारी दुसरं बटण दाबलं की ऑक नावाचं साधन फाईल वाचून प्रत्येकीची बेरीज आणि दरानं गुणलेलं देणं दाखवतं. हे साधन १९७७ चं, म्हणजे माझ्यापेक्षा वयानं मोठं.

पहिल्या चाचणीत सगळ्यांचं देणं शून्य.

कारण कळायला वेळ लागला नाही, पण हसू आलं. मराठी मांडणीत आकडेही मराठी उमटतात. आईनं "२२.५" लिहिलं, ऑकला तो आकडाच वाटला नाही, कुठलंतरी चिन्ह समजून त्यानं शून्य धरलं. तेव्हा मधे सेड हे अक्षरं बदलणारं साधन बसवलं: १ ते ९ आणि शून्य, मराठीचे इंग्रजी करून ऑकला द्यायचे, बेरीज झाली की परत मराठी करून पडद्यावर. माझ्या हातानं चालवलं तर चाललं, बटणावरून चालवलं तर सेडची तक्रार: दोन्हीकडच्या अक्षरांची लांबी जुळत नाही. बटणावरून सुरू होताना भाषेची मांडणी यूटीएफ-८ (मराठी अक्षरं ओळखणारी) नव्हती, मग एकेक मराठी आकडा त्याला तीन-तीन तुकडे दिसत होता. दहाच्या समोर तीस. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत मांडणी सांगितली आणि प्रश्न मिटला.

घड्याळाचा उपायही इथंच केला. वजनाची खिडकी उघडायच्या आधी एक छोटी खिडकी तारीख विचारते. आई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघते आणि टाकते. बोर्डावरचं सेल मेलं तर मेलं.

पंख्याचं राहिलं होतं. तो सारखा ओरडतो, आईला त्याचा राग. अ‍ॅस्पायर वनसाठी लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) एसरएचडीएफ नावाचा खास भाग २००९ पासून आहे, पण तो सांगितल्याशिवाय कामाला लागत नाही, पंखा बायोसच्याच हातात ठेवतो. त्याला हुकूम दिला. आता साठ अंशावर पंखा सुरू, त्रेपन्नावर बंद. आमच्या कामात तो बहुतेक वेळ गप्प असतो. रातकिडे ऐकू येतात.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

पाऊस. फुटलेला कापूस झाडावरच भिजला, वेचणी बंद. ओला कापूस घरात घेतला तर काळा पडतो, आणि हमीभावाच्या केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की गाडी परत. लांब धाग्याला यंदा ८,११० रुपये क्विंटल जाहीर आहेत, ते कोरड्या कापसाचे.

लॅपटॉपवर काही काम नाही. बाबा त्यावर पत्ते खेळायला शिकले.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पहिला खरा चुकारा. सोमवार ते गुरुवार चार दिवस वेचणी झाली. काल रात्री साडेआठला लाईन गेली, आईनं माझ्याकडे बघितलं, मी पंपाची बॅटरी सरकवली. सपरीत तेवढा एकच उजेड. बटण दाबलं: सात बाया, ८१२.५ किलो, दहा रुपयांनी ८,१२५ रुपये. आई म्हणाली, "झालं? इतल्यातच?" आणि तरी वही काढून बोटांवर बेरीज करायला बसलीच.

तिचा आकडा आला ८,२००.

पंचाहत्तरचा फरक. मला घाम फुटला. आधी सेडवर संशय, मग अर्ध्या किलोच्या टिंबावर. वीस मिनिटं एकेक ओळ वहीशी ताडून पाहिली. वजनं सगळी सारखी, एक टिंब इकडचं तिकडं नाही. मग वहीतला पैशांचा रकाना वरून खाली वाचत गेलो. पाच जणींचं बरोबर. वेशीकडच्या म्हाताऱ्या काकूंचे ६५.५ किलो, म्हणजे ६५५, वहीत ७००. आणि लेकरू झोळीत टांगून वेचते त्या वहिनीचे ८७ किलो, ८७०, वहीत ९००.

"आई, इथं चुकलंय तुझं."

तिनं चष्मा वर केला, बघितलं. "नाही चुकलं."

"पासष्टचे सातशे कसे?"

"तिचे बोटं वाकत नाहीत आता. दिसभर वाकूनच रायते बिचारी, पन गाठोडं भरत नाही."

मी म्हटलं, मग वेगळा रकाना करतो, "वरचे" म्हणून. यंत्र आपोआप मिळवील. आईनं वही मिटली. "काही कराचा नाही रकाना. उद्या कोनी वाचलं अन् तिले मालूम पडलं, तं ते वापस करीन पैसे."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

काल रात्री लाईन होती. फाईल म्हणते १,०८४ किलो, १०,८४० रुपये. आईच्या बटव्यातून गेले १०,९००. स्क्रिप्टला हात लावला नाही.

डाव्या बाजूच्या खाचेत एसडी कार्ड टाकून फाईलची नक्कल घेतली. बॅटरी पंपात परत लावली, बाबांना सकाळी तुरीवर फवारा मारायचा आहे. तो उरलेला स्क्रू अजून डबीत आहे.